हवा, वाफ, चिलरचं पाणी: बीओएममध्ये टाकायचं की तासाच्या दरात?

कॉम्प्रेसरची हवा, बॉयलरची वाफ, चिलरचं आणि डीएम (क्षारमुक्त) प्लँटचं पाणी या युटिलिटी कारखान्यातच तयार होतात आणि तिथेच संपतात. ईआरपीत (खरेदी, उत्पादन आणि हिशोब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या भरायचे दोन रस्ते आहेत. एक, बीओएममध्ये (नगाला कुठला माल किती लागतो याच्या यादीत) आयटम कोड टाकून नगामागे किंवा किलोमागे प्रमाण द्यायचं. दुसरा, राउटिंगमधल्या (कामाच्या टप्प्यांच्या यादीतल्या) वर्क सेंटरच्या, म्हणजे मशीन किंवा शॉपच्या, तासाच्या दरात त्यांचा खर्च बसवायचा. दोन्हीकडून नगाच्या खर्चात काही रुपये वाढतात, म्हणून अनेकांना ते एकच वाटतात. प्लॅनिंगचा रन लावला आणि महिनाअखेर आली, की फरक दिसतो.

बीओएममधली ओळ म्हणजे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने माल. साठा किती, कुठल्या स्टोअरला, कधी संपणार हे ते विचारणारच. हवेचा कोड साध्या कच्च्या मालासारखा उघडला, तर एमआरपी (मालाची गरज काढणारा प्लॅनिंगचा रन) तिचीही खरेदी-मागणी काढते आणि सकाळी परचेसच्या स्क्रीनवर ‘7 बार हवा, 40,000 घनमीटर’ अशी ओळ येते. बॅकफ्लश (उत्पादनाच्या नोंदीबरोबर माल आपोआप वजा होणं) चालू असेल तर साठा उणे होत जातो. उणे साठ्याला बंदी असेल तर उत्पादनाची नोंदच अडते. सॅप या ईआरपीत एमआरपी टाइप ‘एनडी’ (प्लॅनिंग नको) ठेवला की खरेदी-मागणी थांबते, साठ्याचा प्रश्न तसाच राहतो. साठ्याबरोबर किंमतही बंद केली, तर कॉस्टिंगमध्ये ती ओळ शून्य रुपयांची येते.

सॅपमध्ये ‘पाइपलाइन’ नावाचा मटेरियल टाइप आहे. त्याला साठा नाही, प्लॅनिंग नाही, त्यामुळे वाफेसाठी तो लगेच निवडावासा वाटतो. पण त्याला व्हेंडर आणि दर लागतो, आणि उचल झाली की त्या व्हेंडरचं देणं उभं राहतं. एमआयडीसीचं पाणी किंवा पाइपने येणारा गॅस यांना हे बरोबर बसतं. स्वतःच्या बॉयलरला व्हेंडर नाही. तिथे हा टाइप वापरू नये.

तासाच्या दराचा रस्ता या कटकटींतून सुटतो. ईआरपीनेक्स्ट या दुसऱ्या ईआरपीच्या वर्कस्टेशनमध्ये वीज, कन्झ्युमेबल, भाडं, मजुरी असे तासाचे दर वेगवेगळे भरता येतात. सॅपमध्ये कॉस्ट सेंटर (खर्च जिथे जमा होतो तो विभाग) आणि ॲक्टिव्हिटी टाइप (तो विभाग देतो ते मोजता येणारं काम) यांवर दर ठरतो. धोका वेगळा आहे: एकच खर्च दोनदा लागणं. महावितरणचं बिल मशीन शॉपच्या तासाच्या दरात पूर्ण वाटून टाकलं आणि हवेच्या दरात कॉम्प्रेसरची वीज पुन्हा धरली, तर तीच युनिट्स नगावर दोनदा चढतात. आधी सबमीटरवरून कॉम्प्रेसर, बॉयलर, चिलर यांची वीज बाजूला काढायची, मगच उरलेली वाटायची. एचटी (उच्चदाब) बिलात डिमांड चार्ज युनिटवर नाही, केव्हीएतल्या मागणीवर असतो; तो स्थिर खर्चात टाकायचा, युनिटच्या दरात मिसळायचा नाही.

मग कुठली युटिलिटी कुठे? निकष एकच: खप नगाबरोबर हलतो की घड्याळाबरोबर. जॅकेटेड व्हेसलमध्ये (भोवती वाफेचं आवरण असलेल्या भांड्यात) 1,000 किलो पाणीदार माल 30 वरून 80 अंशांवर न्यायचा, तर 50,000 किलोकॅलरी लागतात. 3 बारच्या वाफेची सुप्त उष्णता किलोला साधारण 510 किलोकॅलरी, म्हणजे हिशोबाने 98 किलो वाफ. भिंतींतून जाणारी उष्णता धरून मीटर 115-120 दाखवेल. बॅच निम्मी केली की वाफही जवळपास निम्मी. इथे प्रमाण देणंच योग्य. याउलट पेंट शॉपचा ओव्हन हँगर भरलेले असोत वा रिकामे, कन्व्हेयर चालू आहे तोवर गॅस खातो; त्याला तासाचा दर.

वाफेतही एक भाग घड्याळाचा असतो. भोसरी-पिंपरीकडे गुरुवारची सुट्टी संपवून शुक्रवारी सकाळी बॉयलर पेटतो, तेव्हा पाणी आणि पाइपलाइन तापेपर्यंतचं इंधन कुठल्याच बॅचचं नसतं. ते पहिल्या बॅचच्या बीओएममध्ये कोंबलं, तर शुक्रवारचा माल महाग आणि शनिवारचा स्वस्त दिसतो. हा खर्च आठवड्याच्या एकूण वाफेवर पसरवायचा.

बहुतेक ठिकाणी आम्ही सुचवू तो मार्ग दोन्हींच्या मधला आहे. ॲक्टिव्हिटी टाइपचं एकक तासच हवं असं नाही. किलो, घनमीटर, टीआर-तास (चिलरच्या थंडाव्याचं एकक) चालतात. बॉयलर हाउस वेगळं कॉस्ट सेंटर करा, ‘वाफ, किलो’ ही त्याची ॲक्टिव्हिटी ठेवा आणि राउटिंगच्या ऑपरेशनला नगामागचं प्रमाण जोडा. प्रमाण मिळतं, साठ्याचा गोंधळ नाही, एमआरपी गप्प राहते. शिवाय बॉयलर वर्क सेंटर म्हणूनही उघडला, तर ताशी 2 टनांच्या बॉयलरवर तीन व्हेसल एकाच वेळी तापवायचा प्लॅन कपॅसिटीत अडकलेला दिसतो. बीओएमच्या ओळीतून महिन्याची बेरीज कळते, एका तासाची ओढ कळत नाही.

दर काढताना भाजक चुकतो, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच हरवतात. समजा 75 किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण लोडला ताशी 76 युनिट घेऊन सुमारे 680 घनमीटर हवा देतो, म्हणजे घनमीटरला 0.112 युनिट. वीज 9 रुपयांनी धरली तर घनमीटरला जवळपास 1 रुपया. महिन्याची निर्मिती 2,00,000 घनमीटर, मेंटेनन्स आणि घसारा 40,000 रुपये, एकूण 2,40,000. लाइनवरच्या मीटरांची बेरीज मात्र 1,50,000 घनमीटर, बाकी 50,000 गळती.

2,00,000 ने भागलं तर दर 1.20 येतो, पण बुकिंग 1,50,000 वर होतं आणि 60,000 रुपये कॉस्ट सेंटरवर लटकतात. 1,50,000 ने भागलं तर दर 1.60; सगळे पैसे वसूल होतात आणि गळती गुपचूप नगाच्या किमतीत मुरते. नीट वाट अशी: 10 टक्के गळती नेहमीची मानून 1,80,000 ने भागा, दर 1.33. बुकिंग होईल 2,00,000 रुपयांचं आणि उरलेले 40,000 फरकात उघडे दिसतील. हेच पैसे कपलिंग आणि होज बदलायला मेंटेनन्सपुढे ठेवता येतात.

कॉस्ट अकाउंटंट्स इन्स्टिट्यूटचं युटिलिटीवरचं मानक सीएएस-8 असाच विचार करतं. प्रत्येक युटिलिटीचा खर्च वेगळा काढायचा, क्षमता सामान्य किंवा प्रत्यक्ष यांतली जी जास्त ती धरायची, आणि न शोषलेला खर्च असाधारण मानायचा. स्टँडबाय डीजी सेट (डिझेल जनरेटर) सांभाळायचा खर्च त्यात धरला जातो, कर्जावरचं व्याज नाही.

चाकणच्या पुरवठादारांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. ग्राहकाला देतो त्या कॉस्ट ब्रेकअपमध्ये कच्चा माल आणि कन्व्हर्जन (प्रक्रियेचा खर्च) वेगळे असतात. वाफ बीओएममध्ये असेल तर ती कच्च्या मालात मोजली जाते, आणि स्टीलच्या दराप्रमाणे होणाऱ्या किंमत-दुरुस्तीत तीही ओढली जाते. बीओएमचा रस्ता ठेवायचाच असेल, तर सॅपमध्ये ओरिजिन ग्रुप (मालाचा खर्च गटवार वेगळा करणारा कोड) देऊन ती ओळ कॉस्ट कंपोनंटमध्ये (खर्चाच्या घटकवार फोडीत) वेगळी काढा आणि पुढचं कोटेशन देण्याआधी एका चालू पार्टवर बेरीज जुळवून बघा.