एसीचा वेगळा रेट, मार्जिनल स्पेस आणि चार तारे: ठाणे-नवी मुंबईतल्या हॉटेल-रिव्ह्यूंची पार्श्वभूमी

"चव छान, पण पार्किंग नाही." "एसीत बसवलं आणि प्रत्येक प्लेटमागे जास्त लावले." "पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग." ठाणे किंवा नवी मुंबईतल्या कुठल्याही हॉटेलाचे रिव्ह्यू उघडले तर चवीबद्दल एखादं वाक्य सापडतं आणि बाकी सगळा हाच सूर. लिहिणाऱ्याला तक्रार आजची वाटते. प्रत्यक्षात यातली बरीच वाक्यं कुठल्यातरी जुन्या कायद्यातून, करातून किंवा शहराच्या आखणीतून आलेली असतात. त्यांचं मूळ ठाऊक असलं की कुठली तक्रार मनावर घ्यायची आणि कुठली सोडून द्यायची हे लगेच कळतं.

ठाण्यात बाहेर खाण्याच्या जुन्या जागा स्टेशन, कचेरी आणि तलावपाळी यांच्या आसपासच्या. मामलेदार मिसळीला नाव मिळालं ते शेजारच्या मामलेदार कचेरीवरून. कामासाठी आलेलं गिऱ्हाईक तासभर टेकायला येत नाही. पोट भरून पुन्हा रांगेत उभं राहायचं असतं. या काळातला रिव्ह्यू तोंडी होता आणि तो हॉटेलाचा नसून पदार्थाचा होता. नौपाड्यात गजानन म्हटलं की वड्याबरोबरची पिवळी बेसनाची चटणी, स्टेशनजवळ कुंजविहार म्हटलं की हातात न मावणारा वडापाव. एका जागेला एकच पदार्थ चिकटलेला असायचा. आज पंधरा पानी मेनूवाल्या हॉटेलाला आपण एकच आकडा देतो आणि इडली चांगली की चायनीज, हे त्या आकड्यात बुडून जातं. माझ्या मते तोंडी पद्धत जास्त उपयोगाची होती.

मिसळीचंच बघा. मामलेदारमध्ये तिखट, मध्यम, कमी तिखट अशी निवड असते. मिसळीला एक तारा देणाऱ्यांत बरेचसे "तिखट" मागवून पस्तावलेले असतात. कुठली पातळी मागवली, वरून कट पुन्हा घेतला का, पाव ताजा होता का आणि वेळ कोणती होती, एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याचं काम होतं. सकाळी उकळलेला रस्सा दुपारपर्यंत आटून खारट होतो, नंतर पाणी वाढवलं की पांचट होतो. एकाच दिवसाचे दोन उलटे रिव्ह्यू त्यामुळे दोन्ही खरे असू शकतात.

नवी मुंबईची गोष्ट वेगळी. १९७० साली हे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, कागदावर सेक्टर आखले गेले आणि माणसं नंतर आली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, मग वाशीला आलेली एपीएमसीची, म्हणजे शेतमालाची घाऊक मार्केटं, १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत आलेली लोकल, २००४ मध्ये सुरू झालेली ठाणे-वाशी लाइन, या प्रत्येक टप्प्याने वेगळं गिऱ्हाईक आणलं. कारखान्यातल्या शिफ्टला राईस प्लेट लागते, मार्केटातल्या माणसाला पहाटेचा चहा आणि भुर्जी, आयटीवाल्याला दुपारचा बुफे. आगरी-कोळी घरांतलं मटण आणि तांदळाची भाकरी इथे या सगळ्यांच्या आधीपासून होती. पाटीवर मात्र ती बरीच उशिरा झळकली.

सेक्टरच्या आखणीतूनच "मार्जिनल स्पेस" आली. इमारतीसमोर किंवा बाजूला नियमाने मोकळी सोडायची ही जागा. खाली दुकानाच्या गाळ्यात हॉटेल, गाळा छोटा, मग टेबलं पुढच्या मोकळ्या जागेत सरकतात, वर ताडपत्री किंवा पत्रा चढतो. रिव्ह्यूत लिहिलं जातं, "बाहेर बसायला मस्त जागा". महापालिकेचं अतिक्रमण पथक येऊन गेलं की तीच जागा रिकामी, आणि पुढचा रिव्ह्यू म्हणतो, "फोटोत दाखवतात तसं काही नाही". बाहेरच्या बैठकीसाठी जाणार असाल तर शेवटच्या महिन्याभरातलेच फोटो बघा. टेरेसचंही तसंच. डिसेंबर २०१७ मध्ये लोअर परळच्या कमला मिलमधल्या आगीत १४ जण गेले आणि त्यानंतर गच्चीवरची हॉटेलं अग्निसुरक्षेच्या तपासणीत सापडू लागली. गच्चीवरच्या जागेबद्दल लिहिताना जिने किती, दुसरा जिना मोकळा की त्यात रिकामे क्रेट रचलेले, हे एका ओळीत लिहिलं तर ती ओळ कॉकटेलच्या वर्णनापेक्षा मोलाची ठरते.

छापील परीक्षणं मुख्यतः मुंबईची. बिझीबी, म्हणजे बेहराम कॉन्ट्रॅक्टर, यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रात खाण्याच्या जागांवर लिहिलं, आणि त्या लिखाणाचा भूगोल साधारणपणे मुलुंड नाक्याच्या अलीकडे संपायचा. ठाणे-वाशीच्या हॉटेलांना सलग नोंद मिळाली ती इंटरनेटवर. २००६ च्या सुमारास बर्प ही रिव्ह्यूंची वेबसाइट आली. २००८ मध्ये फूडीबे हे संकेतस्थळ सुरू झालं आणि २०१० मध्ये त्याचं झोमॅटो झालं. फूडीबेची सुरुवात रिव्ह्यूंपासून झालीच नव्हती. मेनू कार्डं स्कॅन करून टाकणं हे त्याचं मूळ काम. आत शिरण्याआधी भाव कळणं ही इथल्या गिऱ्हाइकासाठी मोठी गोष्ट होती, कारण तळमजल्याचं कार्ड वेगळं आणि वरच्या एसी हॉलचं वेगळं.

एसीचा जादा रेट करांच्या आधीपासून होता, वीजबिल होतंच. पण १ एप्रिल २०१३ पासून एसी असलेल्या सगळ्याच रेस्टॉरंटांवर सेवाकर आला, बिलाच्या ४० टक्के रकमेवर १२.३६ टक्के, म्हणजे हजारामागे साधारण ४९ रुपये. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला तेव्हा बिगर-एसीला १२ टक्के आणि एसी किंवा मद्य परवाना असेल तर १८ टक्के. १५ नोव्हेंबर २०१७ पासून ते दोन्ही दर ५ टक्क्यांवर आले. त्यामुळे आज एसी हॉलमध्ये भाव जास्त असेल तर तो मालकाचा भाव आहे, सरकारचा कर नाही. कार्डावर छापलेला असेल तर तक्रारीला जागा नाही. बिलाच्या तळाशी अचानक "एसी चार्ज" उगवला तर मात्र जरूर लिहा.

सर्व्हिस चार्जचं गणित करून बघावं. जेवण १,२०० रुपयांचं, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज म्हणजे १२०, आणि ५ टक्के जीएसटी या दोन्हींच्या बेरजेवर, १,३२० वर, म्हणजे ६६. एकूण १,३८६. चार्ज काढला तर १,२०० वर ६० आणि एकूण १,२६०. फरक १२० चा नाही, १२६ चा. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात हा चार्ज आपोआप लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. काढायला सांगताना बिल नव्याने छापून घ्या. हाताने खोडलेल्या बिलात चार्जवरच्या जीएसटीचे सहा रुपये तसेच राहतात. पाण्याच्या बाटलीबाबत मात्र गिऱ्हाईक सहसा चुकतं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीचं बंधन नाही असा निकाल दिला. "एमआरपीपेक्षा जास्त लावले" हा रिव्ह्यू भावनेने बरोबर, कायद्याने लंगडा. साधं पाणी मागावं.

बारचा कर आणखी वेगळा. मद्यावर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे, म्हणून एकाच टेबलाची दोन बिलं किंवा एका बिलात दोन हिशेब येतात. "परमिट रूम" हे नाव १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं देणं. कायदा आजही आहे, परवान्यावर पिण्याची कल्पनाही आहे, आणि बीअरसाठी २१ तर कडक मद्यासाठी २५ वर्षांची अटही. बाविशीतल्या मुलांना व्हिस्की नाकारली म्हणून मिळालेले एक-तारे त्या बारला खरं तर शोभून दिसतात. २०१७ च्या एप्रिल ते जुलै या काळातले रिव्ह्यू सरळ वगळावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू बंद झाली होती. शहरी हद्दीला सूट असल्याचा खुलासा जुलैत झाला. त्या महिन्यांत महामार्गालगतच्या ज्या बारमध्ये नुसता चखना मिळत होता, त्यांचे तारे अजून तिथेच लटकलेले असू शकतात.

लटकतात ते का, हे साध्या सरासरीत दिसतं. २,००० रिव्ह्यूंवर ४.२ असलेल्या जागेचा आचारी सोडून गेला, नंतर आलेल्या ५० जणांनी प्रत्येकी दोनच तारे दिले, तर सरासरी ४.१५ च्या आसपास येते. स्वयंपाकघर कोसळलं आणि आकडा जेमतेम हलला. उलट २० पंचतारांकित मित्रमंडळींच्या जोरावर उघडलेलं कॅफे एका एक-ताऱ्यानंतरही ४.८ वर ऐटीत बसतं. म्हणून "नवीन आधी" हा क्रम लावून पहिले वीस वाचावेत.

पार्सलने गोंधळ वाढवला. मिसळीचं फरसाण रश्शात दहा मिनिटांत मऊ पडतं, बंद डब्यातल्या वाफेने वडा ओला होतो, फॉइलमधला डोसा चामट. ज्यांना हे कळतं ते कट, फरसाण आणि कांदा वेगवेगळा देतात. काही अॅपवर बसून खाण्याचा आणि घरपोच मागवण्याचा आकडा वेगळा दिसतो. गूगलच्या नकाशावर तो एकच असतो, त्यामुळे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकची शिक्षाही आचाऱ्यालाच होते.

घरपोच मागवताना अॅपवर हॉटेलाच्या माहितीत तळाशी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही सक्तीचा आहे. पहिला आकडा १ असेल तर लायसन्स, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाचं रजिस्ट्रेशन. चौथा-पाचवा आकडा सहसा नोंदणीचं वर्ष सांगतो. बिर्याणी, मोमो आणि पराठे अशा तीन "ब्रँड"खाली तोच क्रमांक दिसला तर तिन्ही एकाच ओट्यावरून येतात. त्यात गैर काही नाही, पण एकाला नाकारून दुसऱ्याकडे मागवण्यातही अर्थ नाही.

विकतच्या स्तुतीवर नियम उशिरा आले. जाहिरात क्षेत्राच्या अॅस्की या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी खुलाशाची अट घातली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आलं. ते ऐच्छिक आहे. टेबलावरच्या क्यूआरखाली "पाच तारे द्या, ब्राउनी फुकट" असं लिहिलेलं असेल तर त्या जागेच्या गेल्या सहा महिन्यांच्या ताऱ्यांतून ब्राउनी वजा करून घ्यावी. ओळखायची खूण म्हणजे एकाच वेटरचं नाव घेऊन केलेली कौतुकं, एकापाठोपाठ, पदार्थाचा उल्लेख नसलेली.

राहण्याच्या हॉटेलांचे रिव्ह्यू तारखेनिशी वाचावेत. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम होते. अशा तारखांना आसपासच्या खोल्यांचे भाव चढतात आणि तेव्हाचे "पैसे वसूल नाहीत" हे मत एरवीच्या मंगळवारी लागू पडत नाही. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, त्यामुळे बेलापूर, उलवे आणि पनवेलकडच्या जुन्या रिव्ह्यूंत पहाटेच्या विमानाचं गिऱ्हाईकच नाही. बुक करण्याआधी तीन गोष्टी फोनवर विचाराव्यात: चेक-आउट चोवीस तासांचं की ठरलेल्या वेळेचं, ठाणे-मुंबईच्या पत्त्याचं आधार चालतं का, आणि पहाटे चारला रिसेप्शनवर कोण असतं.