रिकाम्या कांडीचा हिशोब

सोलापूरच्या पूर्व भागात मागांचा खडखडाट ऐकत उभं राहिलं की एक गोष्ट दिसते. धोट्यातली कांडी संपते, कामगार भरलेली कांडी बसवतो आणि रिकामी टोपलीत टाकतो. टोपली पुन्हा सूत भरायला जाते. दरवेळी नवी कांडी घडवून आणायची म्हटलं, तर चादर व्हायची कधी?

ब्लॉकचेनच्या, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून ठेवलेल्या सामायिक नोंदवहीच्या, सॉफ्टवेअरमध्ये मात्र हा उद्योग बरीच वर्षं चालला. इथेरियम या ब्लॉकचेनची आकडेमोड 256 बिटांच्या, म्हणजे 32 बाइटच्या आकड्यांवर चालते. आपला प्रोसेसर एका दमात 64 बिट हाताळतो. म्हणून गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या 'गेथ' या इथेरियम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने आधी कितीही मोठा आकडा मावेल असा लवचिक प्रकार वापरला. त्यातले अंक सहसा 'हीप' या सामायिक मेमरीत राहतात. बेरीज क्षणाची, पण उत्तरासाठी आधी जागा मागा, आणि काम झालं की तीच जागा कचरा! तो शोधायला गो भाषेचा गार्बेज कलेक्टर अधूनमधून सगळी मेमरी धुंडाळतो आणि त्यात प्रोसेसरचा वेळ जातो. इथेरियममध्ये दर 12 सेकंदांनी नव्या ब्लॉकची, म्हणजे व्यवहारांच्या नव्या गठ्ठ्याची, पाळी येते, त्यामुळे हा वेळ परवडत नाही.

उपाय साधा निघाला. 64 बिटांचे चार कप्पे, बस्स. आकार आधीच ठाऊक असल्याने असा आकडा बहुतेकदा फंक्शनच्या 'स्टॅक'वरच, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या जागेतच, मावतो आणि फंक्शन संपताच जागा मोकळी होते. गेथने पुढे हाच प्रकार स्वीकारला.

दुसरा उपाय म्हणजे आपली टोपलीच. गो भाषेत 2014 पासून 'सिंक पूल' आहे: वापरून झालेली जागा त्यात ठेवा, पुढच्याने तीच उचलावी. अर्थात, दिसेल तिथे पूल बसवणारे उत्साही प्रोग्रामर मला पटत नाहीत. पुष्कळदा खरा वेळ डिस्कवरून माहिती वाचण्यात जातो. सूतच आलं नसेल तर कांड्या वाचवून काय उपयोग? आधी मोजावं. गोच्या चाचणीत एका क्रियेला किती वेळा मेमरी मागितली, तो आकडा समोर येतो.

शिवाय टोपलीतल्या कांडीवर जुनं सूत उरलेलं असू शकतं. चादरीत भलत्या रंगाची रेघ निघाली तर ती सेकंडच्या भावात खपते. इथे जुना एक बाइट राहिला की हॅश, म्हणजे माहितीचा आकड्यातला ठसा, बदलतो, आणि तो नोड, म्हणजे जाळ्यातला तो संगणक, सगळ्यांनी मान्य केलेला ब्लॉक नाकारून जागीच अडकतो.