४०९४ वजा ४०९५

वहीत ४०९४ मधून ४०९५ वजा केले की उणे एक उरतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या मेमरीचा सगळा कारभार ज्याच्या हाती असतो त्या गाभ्यात, हीच वजाबाकी एका ओळीत दडली होती आणि तिचे उत्तर येत होते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. २०१९ च्या ५.१ आवृत्तीपासून जानेवारी २०२२ पर्यंत ती ओळ तशीच राहिली.

मेमरीतले आकार मोजायला ६४ बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या ६४ घरांची, जी संख्या वापरतात, तिला उणे चिन्हच नसते. वजाबाकी करताना सगळ्यात डावीकडच्या घरालाही उसना घ्यावा लागला, तर पलीकडे द्यायला कोणी नाही. प्रोसेसर मात्र उसना मिळाला असे धरूनच पुढे जातो आणि थेट सर्वांत मोठ्या संख्येवर पोचतो. बेरीज-गुणाकारात उलटे होते: हातचा ठेवायला घर उरत नाही आणि तो गळून पडतो. ३२ बिटांत १,०७,३७,४१,८२५ गुणिले ४ बरोबर फक्त ४! शंभर कोटींहून जास्त नोंदींसाठी जागा मागितली, मिळाले चार बाइट. म्हणूनच जागा मागताना गुणाकार स्वतः करू नका, के-मॅलॉक-अ‍ॅरे वापरा, असे कर्नल लिहिणाऱ्यांना सांगितले जाते. ते फंक्शन गुणाकार मावतो का हे आधी पाहते; मावत नसेल तर जागाच देत नाही.

पण वजाबाकीची ती ओळ मला जास्त अस्वस्थ करते, कारण ती पहाऱ्यासाठीच लिहिलेली होती. फाइल सिस्टिम माउंट करताना, म्हणजे फायलींचा साठा यंत्राला जोडताना, वापरकर्ता एकेक पर्याय पाठवतो आणि कर्नल प्रत्येकाआधी स्वल्पविराम घालून ते मेमरीच्या ४०९६ बाइटांच्या एका तुकड्यात, म्हणजे पानात, भरत जातो. तपासणी अशी होती: नव्या पर्यायाची लांबी '४०९६ वजा २ वजा आतापर्यंत भरलेले' याहून जास्त असेल तर नाकारा. ते दोन बाइट स्वल्पविरामाचे आणि मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्याचे. कागदावर चोख हिशेब. आता नेमके मोजून पर्याय पाठवा: मजकूर ४०९४ पर्यंत भरतो, त्यात एक स्वल्पविराम, झाले ४०९५. पुढच्या खेपेला '४०९६ वजा २' मधून, म्हणजे ४०९४ मधून, ४०९५ वजा होतात, शिल्लक जागा अफाट दिसते आणि कोणताही पर्याय आत जातो. तो पान ओलांडून कर्नलच्याच शेजारच्या मेमरीवर लिहिला जातो. युजर नेमस्पेसची, म्हणजे साध्या वापरकर्त्यालाही स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात जादा अधिकार देणारी, सोय सर्वांना खुली असलेल्या यंत्रांवर साधा वापरकर्ता यातून रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊ शकत होता, प्रोग्रॅम वेगळा कोंडून ठेवणाऱ्या कंटेनरमधूनही बाहेर पडू शकत होता. सुरक्षेतल्या त्रुटींच्या सीव्हीई या जाहीर यादीत सीव्हीई-२०२२-०१८५ या क्रमांकाने ही चूक नोंदली गेली.

दुरुस्ती एका ओळीची. 'भरलेले अधिक लांबी अधिक २' हे ४०९६ पेक्षा जास्त आहे का, एवढेच आता विचारले जाते. बीजगणितात दोन्ही असमानता एकच, यंत्रात नाही. बेरीजही उलटू शकते, हे खरेच. इथे ती उलटत नाही, कारण पर्यायाचे नाव आणि त्याची किंमत यांवर प्रत्येकी २५६ बाइटांची मर्यादा त्याआधीच घातलेली असते.