फलाफलच्या क्लासला चणे शिजवून आणू नका, फक्त भिजवून आणा

फलाफल म्हणजे चणे वाटून तळलेले अरबी वडे. क्लासच्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, काबुली चणे पाव किलो, रात्रभर भिजवून आणा. तरी दर बॅचला ८ जणींतल्या दोघी-तिघी तरी कुकरला ४ शिट्ट्या काढून अगदी मऊ करून घेऊन येतात आणि वर म्हणतात, मॅडम तुमचं काम हलकं केलं बघा. हलकं कसलं ओ! शिजवलेल्या चण्याचं फलाफल तेलात सोडलं की फुटतं, कढईत नुसता चुरा, तेल वाया, मग माझ्याकडचे जादाचे भिजवलेले चणे काढून परत वाटायचं, परत अर्धा तास फ्रीजला ठेवायचं आणि बाकीच्या ज्यांनी नीट आणले त्या बिचाऱ्या बसून. मागच्या वेळी १ ला संपणारा क्लास पावणेतीनला संपला.

आता मला सांगा, डाळवड्याला आपण डाळ शिजवतो का? भिजवतो आणि जाडसर वाटतो. तसंच आहे हे. कच्च्या चण्यातला स्टार्च गरम तेलात शिजतो आणि शिजतानाच वडा धरून ठेवतो. कुकरमधून आलेल्या चण्यात ते काम आधीच उरकलेलं असतं आणि पाणीही भरपूर पिलेलं असतं. बेसन घातलं की जमेल म्हणतात काहीजणी, जमतं, पण ती भजी झाली. टिनमधले चणेही शिजवलेलेच असतात, तेही नकोत. इजिप्तमध्ये हेच बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) वाळलेल्या दाण्यांचं करतात, तामिया म्हणतात, तिथंही दाणे नुसते भिजवलेलेच.

घोळ कुठं होतो ते मला कळतं. त्याच दिवशी आपण हमस, म्हणजे चण्याची तहिनी घातलेली मऊ चटणी, करतो आणि त्याला मात्र चणे बोटानं चिरडतील इतके शिजवायचे असतात, चिमूटभर सोडा घालून. ते मी करून ठेवते, तुम्ही आणायचे नाहीत.

भिजवताना पाणी भरपूर घ्या, चणे दुपटीनं फुगतात. शुक्रवारी रात्री ८ ला घातले की शनिवारी १० च्या क्लासला बरोबर होतात. एप्रिल-मेमध्ये भांडं फ्रीजमध्येच ठेवा, आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलं तर सकाळी फेस येऊन वास मारतो. येताना निथळून, फडक्यावर कोरडे करून आणा.

"मग तुम्हीच भिजवून का ठेवत नाही?" ठेवू शकते, पण मग फी वाढेल, आणि खरं सांगू, घरी एकदा स्वतः भिजवले की पुढं पाहुणे आल्यावर ते करायचं डोक्यात येतं, नुसतं क्लासमध्ये बघून वही कपाटात जाते.

हमसमध्ये तहिनीऐवजी शेंगदाण्याचा कूट चालेल का, हेही रोज विचारतात. चव चांगली लागेल, पण ती शेंगाचटणीची चुलत बहीण होईल, हमस नाही. तहिनी म्हणजे पांढऱ्या तिळाची पातळ पेस्ट, आम्ही दर आठवड्याला ताजी वाटतो, छोटी बाटली क्लासमध्येच मिळते, घरच्या मिक्सरला होतच नाही असं नाही, पण वेळ लागतो.

शेंगदाण्याची एवढी हौस असेल तर मेक्सिकन बॅचला या. तिथं व्हेराक्रूझकडचा साल्सा माचा शिकवते, सुकी मिरची, लसूण, शेंगदाणे, सगळं तेलात. तेव्हा घरची शेंगाचटणी घेऊन या, शेजारी ठेवून चाखू. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत क्लास बंद, त्यानंतरच्या शनिवारची नावं आत्ताच घेतेय.