पार्श्वभूमी : रीइश्यूंवरील ‘मूळ मास्टर टेपवरून’ या शब्दांचा इतिहास

दर महिन्याला खरेदीयोग्य व्हायनिल तबकड्यांच्या ज्या याद्या प्रसिद्ध होतात, त्यांत नव्या अल्बमांच्या बरोबरीने, पुष्कळदा त्यांहून अधिक, जुन्या ध्वनिमुद्रणांचे रीइश्यू, म्हणजे पुनर्प्रकाशित आवृत्त्या, असतात. नव्या अल्बमापुढे ग्राहकाचा प्रश्न सरळ असतो : संगीत आवडते की नाही. रीइश्यूचे संगीत बहुधा आधीच आवडलेले असते, त्यामुळे ही विशिष्ट आवृत्ती कशावरून तयार केली, एवढाच प्रश्न उरतो. वेष्टनावरचा स्टिकर त्याचे उत्तर चार शब्दांत देऊन टाकतो : ‘मूळ मास्टर टेपवरून कटिंग’ (कटिंग म्हणजे तबकडीवर आवाजाची खाच कोरणे). या चार शब्दांतला प्रत्येक शब्द वादाचा आहे.

लाखेच्या, मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकड्यांच्या काळात ही अडचण नव्हती. गायन थेट मेणाच्या तबकडीवर कोरले जाई आणि तिच्यावरून घडवलेला धातूचा साचा हेच मूळ असे. 1940च्या दशकाच्या अखेरीस स्टुडिओत चुंबकीय टेप रुळली, 1948 मध्ये एलपी (मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी) आली, दहा वर्षांनी स्टिरिओ आला, आणि ध्वनिमुद्रण व तबकडी यांच्यामध्ये टेपची एक साखळीच उभी राहिली.

साखळीची पहिली कडी म्हणजे अनेक ट्रॅकांची टेप, जिच्यावर गायक आणि वाद्ये वेगवेगळी मुद्रित असतात. तिचे मिश्रण करून दोन ट्रॅकांची टेप तयार होते. गाण्यांच्या क्रमाने तुकडे जोडले की ती मास्टर ठरते. परंतु कारखान्यात कटिंगसाठी जाई ती बहुधा तिची प्रत, जिच्यात खर्ज थोडा कमी आणि तार स्वर थोडे आवरलेले असत, कारण साध्या ग्रामोफोनच्या सुईने खाचेबाहेर उडी मारू नये याची काळजी घ्यावी लागे. परदेशातील शाखांना त्या प्रतीची प्रत जाई. प्रत्येक प्रतीबरोबर टेपची खरखर वाढते आणि बारकावे पुसट होतात. त्यामुळे संग्राहक ज्या ‘पहिल्या आवृत्ती’साठी जीव टाकतात, ती मूळ देशाबाहेर छापलेली असेल तर अनेकदा तिसऱ्या पिढीच्या टेपवरची असते, आणि आजचा नीट केलेला रीइश्यू तिच्यापेक्षा उगमाच्या अधिक जवळ असू शकतो. तबकडीच्या मध्याजवळील मोकळ्या कड्यावर कोरलेले क्रमांक वाचणाऱ्यांना हे ठाऊक असते. स्टिकर वाचणाऱ्यांना नसते.

‘रीइश्यू’ हा शब्दही एकाच नावाखाली तीन गोष्टी झाकतो. जुन्याच साच्यांवरून पुन्हा छपाई करणे ही एक. टेप काढून नवे कटिंग करणे ही दुसरी. आणि पूर्वी सीडीसाठी केलेली डिजिटल फाइल उचलून तिच्यावरून कटिंग करणे ही तिसरी. तिसऱ्या प्रकारात मेहनत सर्वांत कमी आणि वेष्टनावरची विशेषणे सर्वांत जास्त असतात, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे. अपवाद अर्थातच आहेत, आणि चांगली फाइल वाईट टेपपेक्षा केव्हाही बरी.

1970च्या दशकाकडे अॅनालॉगचा, म्हणजे आवाज अंकांत न बदलता मुद्रित करण्याचा, सुवर्णकाळ म्हणून पाहण्याची सवय पडली आहे. ती थोडी तपासून पाहावी लागते. 1973च्या तेलटंचाईत व्हायनिलचा कच्चा माल महागला, तबकड्या पातळ झाल्या आणि जुन्या तबकड्या दळून तोच माल पुन्हा वापरण्याचे प्रमाण वाढले. आज 180 ग्रॅमचे वजन ज्या अभिमानाने स्टिकरवर छापले जाते, त्याचे मूळ बऱ्याच अंशी त्या पातळ तबकड्यांच्या आठवणीत आहे. वजनाने तबकडी सपाट राहण्यास थोडी मदत होते, पण खाचेत काय कोरले आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

त्याहून महत्त्वाचा बदल कटिंगच्या यंत्रात झाला. आवाज मोठा असेल तेव्हा खाच अधिक डोलते आणि शेजारच्या खाचेपासून जास्त अंतर मागते. म्हणून पुढे काय येणार आहे हे यंत्राला सुमारे एक फेरी आधी कळावे लागते. 33⅓ फेऱ्यांच्या वेगात ही एक फेरी 1.8 सेकंदांची असते. पूर्वी यासाठी टेपयंत्रावर आगाऊ वाचणारे वेगळे हेड बसवलेले असे. 1970च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक ठिकाणी ते काढून डिजिटल विलंबयंत्र लावले गेले : टेपवरचा आवाज यंत्राला लगेच कळे, आणि कोरणाऱ्या सुईकडे तोच आवाज अंकांत रूपांतरित होऊन क्षणभर थांबून जाई. म्हणजे 1980च्या दशकातील कित्येक ‘शुद्ध अॅनालॉग’ तबकड्या प्रत्यक्षात डिजिटल टप्प्यातून गेलेल्या आहेत, आणि त्या वेळी त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नव्हते.

1982 मध्ये सीडी आल्यावर तबकडीचे काय झाले, हे सर्वांना माहीत आहे. टेपांचे काय झाले, हे कमी लोकांना माहीत आहे. गोदामांत पडून राहिलेल्या टेपांपैकी 1970 आणि 1980च्या दशकांतील अनेकांचा लेप ओलावा शोषून चिकट झाला. अशी टेप यंत्रावर चढवण्यापूर्वी मंद उष्णतेत काही तास ‘भाजावी’ लागते. जून 2008 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या एका चित्रपट स्टुडिओच्या आवारातील आगीत एका बड्या कंपनीच्या मास्टर टेप जळाल्या, आणि त्या हानीचा आवाका 2019 मध्ये वृत्तपत्रातून बाहेर आला. नेमके किती नष्ट झाले, यावर कंपनीने आणि वार्ताहरांनी दिलेले आकडे जुळले नाहीत. टेपचे मालक टेप गोदामाबाहेर पाठवण्यास नाखूश असतात, याला अशा घटनांची पार्श्वभूमी आहे, आणि 2022 मधील ज्या वादाकडे आपण येणार आहोत तो समजून घेण्यासाठी ती ध्यानात ठेवावी लागते.

याच 2008 सालच्या एप्रिलमध्ये स्वतंत्र रेकॉर्ड-दुकानांचा पहिला वार्षिक दिवस साजरा झाला आणि मर्यादित आवृत्त्यांची लाट सुरू झाली. अमेरिकेत 2020 मध्ये तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न 1986 नंतर प्रथमच सीडीच्या पुढे गेले, आणि 2022 मध्ये नगांच्या संख्येतही तसेच झाले : सुमारे 4 कोटी 10 लाख तबकड्या, तर 3 कोटी 30 लाख सीडी. बाजार वाढला तसे जाणत्या श्रोत्यांसाठी खास रीइश्यू काढणारे लेबलही वाढले. ‘मूळ मास्टर टेप’ हे शब्द वेष्टनावर ठळकपणे मिरवणारे एक अमेरिकी लेबल त्यांत अग्रभागी होते.

नेहमीच्या पद्धतीत लॅकरच्या (मऊ रोगणाचा लेप दिलेल्या) तबकडीवर कटिंग होते, तिच्यावर निकेल चढवून पहिला साचा, त्यावरून दुसरा आणि त्यावरून छपाईचे स्टँपर बनतात. या लेबलाच्या महागड्या मालिकेत मधले दोन टप्पे गाळून लॅकरवरून थेट स्टँपर काढला जाई. एका स्टँपरमधून साधारण हजारभर तबकड्या निघतात, त्यामुळे अशा आवृत्त्या काही हजारांपुरत्याच असत. 2022 मध्ये 1980च्या दशकातील एका अतिलोकप्रिय अल्बमाची याच पद्धतीची 40,000 प्रतींची आवृत्ती जाहीर झाली आणि जाणकारांनी साधा हिशेब मांडला : दर बाजूमागे किमान चाळीस लॅकर, म्हणजे तितक्याच वेळा ती अमूल्य टेप यंत्रावर चालवायची. कोणता मालक हे होऊ देईल? जुलैमध्ये एका दुकानदाराने चित्रफितीतून हा संशय मांडला, आणि काही दिवसांतच लेबलाच्या अभियंत्यांनी कबूल केले की टेपवरून आधी अतिसूक्ष्म डिजिटल प्रत घेतली जाते आणि कटिंग तिच्यावरून होते. ही रीत 2011 पासून सुरू होती.

यावर दोन बाजू पडल्या. लेबलाच्या बाजूने सांगितले गेले की अभियंता स्वतः गोदामात जाऊन टेप काळजीपूर्वक एकदाच चालवतो, प्रत्येक गाण्यासाठी यंत्र नव्याने जुळवतो, आणि हे सारे एकाच दमात चालणाऱ्या थेट कटिंगमध्ये शक्य होत नाही. टेप वाचते, निकालही सरस येतो. तांत्रिकदृष्ट्या हे म्हणणे भक्कम आहे. ग्राहकांचे म्हणणे वेगळ्या पातळीवरचे होते : आम्ही पैसे ज्यासाठी मोजले ते मिळाले नाही. वेष्टनावर टप्प्यांची आकृती छापली जात होती आणि तिच्यात डिजिटल टप्पा दाखवलेला नव्हता. प्रकरण न्यायालयात गेले आणि परताव्याच्या तडजोडीवर मिटले. मधल्या अकरा वर्षांत याच तबकड्यांच्या ‘अॅनालॉग उबे’ची स्तुती करणाऱ्या परीक्षणांपैकी फारशी कोणी मागे घेतल्याचे दिसले नाही, ही बाब मात्र वादात सोयीस्करपणे बाजूला राहिली. कानांना फरक कळला नाही म्हणून न सांगण्याचे समर्थन होत नाही. पण कानांचे दावे आता थोडे सौम्य व्हायला हरकत नव्हती.

रीइश्यूंच्या गर्दीचे आणखी एक कारण कायद्यात आहे. युरोपात ध्वनिमुद्रणाचे संरक्षण पूर्वी 50 वर्षांचे होते. 2011 च्या निर्देशाने ते 70 वर्षांचे ठरले आणि ही मुदत 2013 मध्ये लागू झाली, परंतु 1963 पूर्वी प्रकाशित झालेले संगीत तोवर खुले झाले होते आणि ते पुन्हा बंद झाले नाही. 1950च्या दशकातील जॅझच्या ज्या असंख्य आवृत्त्या तिथून निघतात त्या बेकायदा नव्हेत, पण त्या काढणाऱ्यांच्या हाती टेप नसते. जुनी सीडी किंवा तबकडी हाच त्यांचा उगम असतो आणि स्टिकर त्याविषयी मौन पाळतो.

उत्पादनाची बाजूही नाजूक आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियातील लॅकर तबकड्यांचा कारखाना जळाला आणि जगभराच्या कटिंगसाठी जपानमधील एकच उत्पादक उरला. त्यानंतर तांब्यावर थेट कटिंग करण्याच्या 1980च्या दशकातील पद्धतीला पुन्हा मागणी आली, पण तशी यंत्रे मोजकीच शिल्लक आहेत. छपाईची वाट पाहण्याचा काळ लांबला आणि अल्बम डिजिटल रूपात आल्यानंतर कित्येक महिन्यांनी त्याची तबकडी येणे रूढ झाले; ‘या महिन्याच्या’ यादीतील नवा अल्बम तेव्हा पुष्कळदा मागच्या हंगामातला असे तो यामुळे.

2022 नंतर त्या लेबलाने आपल्या प्रत्येक आवृत्तीचा उगम आणि मधले टप्पे जाहीर करण्यास सुरुवात केली, आणि काही प्रतिस्पर्ध्यांनी ‘टेपपासून तबकडीपर्यंत अॅनालॉग’ असे अधिक नेमके शब्द वापरले. ‘मूळ’ म्हणजे साखळीतील नेमकी कोणती टेप, हे मात्र अजून बहुतेक स्टिकरांवर छापलेले नसते.