फी माफ झाली, खाणावळीचं काय?

गरीब मुलाला मदत म्हणजे त्याची फी, ही समजूत महाराष्ट्रात तशी अलीकडची. आधी मदत सुरू व्हायची ती ताटापासून. पुण्यात शिकायला आलेली मुलं वार लावून जेवत, आज या घरी, उद्या त्या घरी. नाहीतर झोळी घेऊन माधुकरी मागत. पण ही दारं बहुतेक ब्राह्मण मुलांनाच उघडी होती. खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या मुलाला शहरात कोण वाढणार? अस्पृश्य ठरवलेल्याला तर उंबऱ्यापाशीही जागा नव्हती.

शाहू महाराजांच्या बोर्डिंगांचं मूळ इथे आहे. 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. वसतिगृहातलं धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेची कुठलीही शाळा पाहिली की मला आधी ते मंगळसूत्र आठवतं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1913 साली बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेही दरमहा साडेअकरा पौंड बांधून देऊन.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, 1944 साली, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यात फीबरोबर निर्वाह भत्ताही धरला गेला. उपाशी पोटी शिकणं म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसाचा हात त्यात दिसतो.

यशवंतराव चव्हाणांच्या काळातली ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची सवलत मात्र फीपुरती होती. तरी तिचं मोल मोठं. जात न विचारता, वर्षाला 1200 रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतली मुलं त्या एका फॉर्मवर कॉलेजात पोहोचली.

1983 नंतर विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं आली, फीचे आकडे फुगले आणि सरकारी मदत फीच्याच मागे धावत राहिली. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ झाली. फार चांगलं झालं. खोली आणि मेसचा खर्च मात्र त्या माफीत येत नाही.

अशा खर्चासाठी त्याआधीच, 2016-17 मध्ये, वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांकरता, स्वाधार योजना आली. पुण्या-मुंबईत वर्षाला 60 हजार, म्हणजे महिन्याला 5 हजार. खोलीचं भाडं, दोन वेळचं जेवण, बसचा पास, सगळं त्यात बसवायचं. हप्ता उशिरा आला तर मेसवाला थांबत नाही.