शेवट ठाऊक आहे, तरी धडधड का?

कोरियन मालिका बघणाऱ्यांना घरात एक टोमणा ठरलेला असतो. ‘पहिल्या भागात भांडले म्हणजे शेवटी एकत्र येणारच, मग सोळा-सोळा तास कशाला घालवायचे?’ टोमणा मारणाऱ्याने धरूनच चाललेलं असतं की गोष्टीतली सगळी गंमत पुढचं माहीत नसण्यात आहे. दुसरीकडे ‘अशा मालिका पाहिल्या की डोपामाइन नावाचं आनंदाचं रसायन पाझरतं’ अशी फॉरवर्ड्स फिरत असतात. दोन्ही म्हणणी चुकीची आहेत, आणि दोन्ही एकाच जागी चुकतात.

नमुना म्हणून ‘होमटाउन चा-चा-चा’ घेऊ. २०२१च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात कोरियाच्या टीव्हीएन वाहिनीवर दर शनिवार-रविवारी लागलेली, नेटफ्लिक्समुळे आपल्यापर्यंत पोचलेली १६ भागांची मालिका. सोलमधली दंतवैद्य यून ह्ये-जिन (शिन मिन-आ) नोकरी सोडून गोंगजिन या समुद्रकाठच्या गावी दवाखाना थाटते. गाव काल्पनिक, पण चित्रण पोहांगच्या किनाऱ्यावरचं. तिथे होंग दु-शिक (किम सोन-हो) हा गावाचा हरकाम्या. काम कुठलंही असो, दर मात्र तेव्हाच्या सरकारी किमान वेतनाचा, ताशी ८,७२० वॉन! पहिल्याच भागात हिचे बूट लाट घेऊन जाते आणि तो तिला पायात घालायला सपाता देतो. शेवट काय होणार हे प्रेक्षकाला तिथेच कळतं.

आता डोपामाइनकडे येऊ. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळपास संपवलं होतं, त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं. उंदरांनी नेहमीसारखे ओठ चाटले. गोड त्यांना गोडच लागत होतं. फक्त त्यासाठी उठून जाण्याची ओढ उरली नव्हती. म्हणजे डोपामाइनचा संबंध आवडण्यापेक्षा ओढीशी जास्त आहे.

ही ओढ कशी मोजली जाते, हे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांच्या प्रयोगातल्या माकडांनी दाखवलं. दिवा लागला की थोड्या वेळाने फळांच्या रसाचा थेंब मिळतो, हे माकडाला कळेपर्यंत डोपामाइनच्या पेशी रस मिळताक्षणी तडतडायच्या. एकदा कळलं की तडतड दिव्याकडे सरकली आणि रसाच्या वेळी शांतता! दिवा लागून रस मिळालाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही गप्प. मेंदू बक्षीस मोजत नाही, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतो, असा अर्थ पीटर डायन, रीड मॉन्टेग्यू आणि शुल्त्झ यांनी १९९७ साली मांडला.

पण मग टोमणाच खरा ठरला की! शेवट आधीच कळलेला, म्हणजे फरक शून्य, म्हणजे सोळा भाग मेंदूने पेंगायला हवं.

इथून पुढचा भाग माझ्या विशेष आवडीचा. २०१३ साली एमआयटीत मार्क हाउ आणि अ‍ॅन ग्रेबील यांनी उंदरांना चक्रव्यूहात सोडलं. टोकाला चॉकलेट दूध. वाट उंदरांच्या पाठ होती. तरीही डोपामाइनची पातळी पहिल्या पावलापासून चढत गेली आणि दुधापाशी सर्वांत वर पोचली. पाठ झालेल्या वाटेवर ही चढण कशासाठी?

उत्तराचा मोठा भाग २०२०मध्ये हार्वर्डच्या नाओशिगे उचिदा यांच्या प्रयोगशाळेतून आला. उंदराला पडद्यावरच्या आभासी बोळात धावायला लावायचं आणि मध्येच त्याला उचलून पुढे टाकायचं, म्हणजे पडद्यावरचं दृश्य एकदम पुढे न्यायचं. शेवट तोच, बक्षीस तेच, पण झेप घेताच डोपामाइन उसळलं. दृश्य थांबवलं की ते खाली आलं.

थोडं गणित करू. बक्षिसाची किंमत १०० धरा आणि ते एकेक पाऊल दूर गेलं की किंमत दर पावलाला दहा टक्क्यांनी घटते असं माना. २० पावलांवरून त्याची किंमत सुमारे १२, १५ पावलांवरून २१. पाच पावलांच्या झेपेत ९ची कमाई. आता १०वरून ५वर उडी घ्या: ३५चे ५९ होतात, कमाई २४. झेप तेवढीच, पण शेवटाजवळ घेतली म्हणून भाव अडीचपटीहून जास्त. प्रयोगातही असंच दिसलं. शेवटाकडे जाताना किमतीचा असा वर चढणारा वक्र काढला, तर पेशी मोजतात तो त्याचा चढ, उंची नव्हे. आणि आपण बोळात नेमके कुठे आहोत याचा अंदाज धूसर असेल तर दर पावलाला ‘अरे, वाटलं होतं त्यापेक्षा जवळ आलो’ अशी छोटी दुरुस्ती होत राहते, म्हणून चढण टिकते. (गणित डोक्यावरून गेलं असेल तर एवढंच धरा: शेवट माहीत असला तरी अंतर माहीत नसतं.)

आता चौथा भाग आठवा. वाइनने ह्ये-जिनचे गाल तापलेत. दु-शिक बर्फात हात बुडवतो आणि गार तळवे तिच्या गालांवर टेकवतो. बोळातली ही झेप! दुसऱ्या दिवशी तिला काहीही आठवत नाही. दृश्य थांबवलं. प्रेमाची कबुली थेट दहाव्या भागाच्या अखेरीस. घाईने काही मिळत नाही, म्हणून मिळण्याआधीचा एकेक सेंटीमीटर महाग होतो.

या मालिकांतली गाणीही उगाच त्याच वळणावर वाजत नाहीत. मॉन्ट्रियलच्या व्हॅलरी सलिमपूर आणि रॉबर्ट झॅटोरे यांनी २०११ साली लोकांना त्यांच्याच आवडीचं, पाठ असलेलं संगीत ऐकवत मेंदू तपासला. अंगावर काटा येतो त्याच्या काही सेकंद आधीच मेंदूच्या कॉडेट नावाच्या भागात डोपामाइन वाढलेलं होतं, काटा येताना मेंदूच्या दुसऱ्या भागात. सूर ठाऊक असणं आड आलं नाही.

     

दहाव्या भागात कबुली झाली, म्हणजे दूध मिळालं. उरलेल्या सहा भागांत काय करायचं? लेखिकेने तिथे दुसरा बोळ उघडला: दु-शिक सोल सोडून गावी का परतला, हे तो ह्ये-जिनला कधी सांगणार? सांगणार हे पुन्हा ठाऊकच असतं. ज्या मालिकांना असा दुसरा बोळ सापडत नाही, त्यांत मग अचानक कुणाला तरी परदेशी नोकरी लागते किंवा गाडीची धडक बसते, आणि बघणारे रिमोट शोधू लागतात.